पहिल्या वेळेची सवलत

पोलिसानं ते श्वास तपासायचं मशीन तोंडासमोर धरलं तेव्हा दुपारचे पावणेचार वाजले होते. मला पकडल्याची भीती नंतर वाटली. आधी आठवलं ते हे, की आईंच्या डोळ्यांत दोन वाजता घालायचे थेंब अजून घातलेले नाहीत.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. दर चार तासांनी थेंब. त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे बाटली नेमकी डोळ्यावर धरता येत नाही. ते काम माझं. नवरा नोकरीसाठी बेंगळुरूला असतो, पंधरा दिवसांनी येतो. हैदराबादेत, तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. मी मूळची पुण्याची, सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इथे आले आणि लग्न होऊन इथलीच झाले. आई मात्र अस्सल हैदराबादी मराठी. माहेर बरकतपुऱ्याचं, आणि नोकरी आबिड्सच्या पोस्टात, काउंटरवर, निवृत्त होईपर्यंत. रांगेत मधे घुसणाऱ्याला त्या ज्या आवाजात "कायकू जी, लाइन नहीं दिखती?" म्हणायच्या, तो आवाज अजून त्यांच्याकडे आहे. घरात वापरत नाहीत, इतकंच.

त्या शनिवारी आमच्या टीममधली एक जण नोकरी सोडून चालली होती, तिचं निरोपाचं जेवण होतं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. "दीडपर्यंत येते," असं आईंना सांगून निघाले होते. तिथे वाइन होती, गप्पा होत्या, आणि नऊ दिवसांत मी पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता बसले होते. दोन वाजून दहा मिनिटांनी आईंचा फोन आला.

"येतेस ना गं? दोन वाजून गेले."

"निघालेच आहे, आई."

निघाले नव्हते. दोन ग्लास झाले होते. फोन ठेवला, आणि कोणीतरी तिसरा भरला, तो मी घेतला. सावकाश घेतला. पाऊण तास आणखी बसले आणि मग गाडी काढली. कॅब बोलवावी हे सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण सोमवारी गाडी न्यायला परत इतक्या लांब कोण येणार, असं मनात आलं आणि किल्ली हातात घेतली.

दिवसाढवळ्याही तपासणी असते हे मी ऐकलं होतं, पण ते कधी आपल्याला लागू होईल असं वाटलं नव्हतं. मेट्टुगुड्याच्या अलीकडे बॅरिकेड लावले होते. "मॅडम, गाडी जरा साइड कू लो," एक हवालदार म्हणाला. मी काच खाली केली आणि तो थोडा मागे सरकला. मग नळी पुढे आली. फुंकलं. मशीननं आवाज केला. तीसपर्यंत चालतं, माझा आकडा बावन्न आला. मशीनमधून बिलासारखी पट्टी निघाली, त्यावर माझी सही घेतली.

तिथे एक बाई अधिकारी होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. शांतपणे बोलत होती. "घर से कोई आ सकता मॅडम? लायसन्सवाला, जो पिया नहीं?"

"नाही कोणी," मी म्हटलं. आणि मग न विचारता बोलायला लागले. माझ्या सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांचा फोन आला, थेंबांची वेळ टळली होती, म्हणून घाईनं निघावं लागलं.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. ऑपरेशन झालं होतं, फोन आला होता, घाईही होती. फक्त फोन आणि गाडी यांच्या मधला तो पाऊण तास आणि तो ग्लास मी गाळला होता. बोलताना माझ्या लक्षातही आलं नाही, इतकं ते सहज जमलं.

गाडी पोलिसांनी ठेवून घेतली, लायसन्सही. मी ऑटोनं घरी आले.

आई काळा चष्मा लावून सोफ्यावर बसल्या होत्या. थेंबांची बाटली मुठीत. त्यांना मी सगळं सांगितलं, म्हणजे पोलिसांना सांगितलं तेच. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी फोन केला म्हणून तू तशी निघालीस."

"नाही हो, तसं नाही," मी म्हटलं. पण कसं होतं ते म्हटलं नाही. हात धुतले, त्यांना मान मागे करायला सांगितली आणि थेंब घातले. त्यांनी डोळा मिटला. "वास येतोय गं," एवढंच बोलल्या.

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. तो माझ्यावर चिडला, मग घाबरला, मग म्हणाला, आईला दे. मी दिला आणि स्वयंपाकघरात गेले. तिथून मला आईंचाच आवाज येत होता. "हो रे... नाही, नाही करणार... ती कामात असते, मला कळायला हवं होतं... हो, समजलं."

तो त्यांना रागावत होता. तिला सारखे फोन करत जाऊ नकोस, असं सांगत होता. मी गॅसपाशी उभी राहिले. बाहेर जाऊन फोन घ्यावा आणि म्हणावं, अरे थांब, आईंचा काही संबंध नाही. पाच पावलं होती. कुकरची शिट्टी झाली आणि मी गॅस बारीक केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी उठले तर आई पलंगावर आडव्या झोपून स्वतःच थेंब घालत होत्या. एक गालावर, एक कानाजवळ, तिसरा बहुधा डोळ्यात. "जमतंय की," त्या म्हणाल्या. "तू झोप." त्यानंतर त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही. दहाची वेळ, दोनची वेळ, सहाची वेळ, मी खोलीत जाईपर्यंत त्यांचं झालेलं असायचं आणि उशीवर ओला डाग असायचा. बाटली पंधरा दिवस पुरायची ती सहा दिवसांत संपली.

मला बसवत नव्हतं. घरून काम करायचे, पण मीटिंगमध्ये असले तरी दुसऱ्या खिडकीत मी तेच शोधत असायचे, पहिल्यांदा पकडलं तर काय होतं, नोकरीवर परिणाम होतो का, लायसन्स किती महिने जातं, तुरुंग होतो का. एक जण लिहायचा काही होत नाही, दुसरा लिहायचा त्याच्या भावाला दोन दिवस आत ठेवलं. संध्याकाळी चालायला म्हणून बाहेर पडायचे आणि युनिव्हर्सिटीच्या रस्त्यानं इतकी लांब जायचे की परत यायला ऑटो करावी लागायची. घरी आल्यावर पुन्हा पायात चपला घालाव्यात असं वाटायचं.

कोर्टात जाण्याआधी ट्रॅफिक पोलिसांचं समुपदेशन असतं, आणि तिथे घरचं माणूस सोबत आणावंच लागतं. नवऱ्याला सुट्टी मिळेना. "मी येते," आई म्हणाल्या, "मी काय घरचं माणूस नाही?"

एक मोठा हॉल होता. बहुतेक पुरुषच, कोणाबरोबर बायको, कोणाबरोबर म्हातारे वडील. पकडलेल्यांत बाई अशी मी एकटीच. आधी अपघातांची फिल्म दाखवली. आईंना धड दिसत नव्हतं, पण आवाज ऐकून त्या माझा हात धरून बसल्या. मग एक अधिकारी समोर आले आणि घरच्यांनाही बोला म्हणाले. एक बाई उठली, नुसतीच रडली आणि बसली. मग माझ्या बाजूला हालचाल झाली. काळा चष्मा लावलेल्या आई उभ्या राहिल्या होत्या.

"साब, गलती मेरी है," त्या म्हणाल्या. तोच काउंटरवरचा आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा. "आँख का ऑपरेशन हुआ मेरा. मैं फोन करी. मेरे वास्ते भागी वो. इसको कुछ नको बोलो."

अधिकारी हसले नाहीत. म्हणाले, "अम्मा, बैठो आप. फोन आप करे. ग्लास तो आप नहीं दिये ना?"

हॉलमध्ये दोन-चार जण हसले. आई खाली बसल्या. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिले. त्या माणसाला काहीही माहीत नव्हतं, आणि त्यानं बरोबर बोट ठेवलं होतं.

बाहेर पडताना गेटपाशी एक जण मागे आला. शर्टाच्या खिशात दोन मोबाइल. "मॅडम, नंबर कम करा देता मैं. बावन का अठ्ठाईस. केसच नहीं रहती." त्यानं दिलेली नंबरची चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली. चार दिवस ती चिठ्ठी मी काढत होते आणि परत ठेवत होते. एकदा फोन लावलासुद्धा. पलीकडून "हलो" ऐकलं आणि कापला.

वकिलांचं नाव आईंनीच सुचवलं. बरकतपुऱ्यातले जुने मराठी वकील, आईंच्या काउंटरवरून वर्षानुवर्षं नोटिसा रजिस्टर करणारे. आम्ही त्यांना वकीलकाका म्हणतो. त्यांच्या घरातल्याच पुढच्या खोलीत ऑफिस. मी आधी ती चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली आणि गेटपाशी काय झालं ते सांगितलं. त्यांनी ती वाचली आणि चार तुकडे करून टोपलीत टाकली.

"हे असलं काही करायचं नाही. हा पैसे घेऊन गायब होईल, आणि नाही झाला तर तुम्ही जास्त मोठ्या लफड्यात पडाल. ऐका. मशीनचा आकडा हा आकडाच राहतो. दारूचं कलम बदलून दुसरं एखादं हलकं कलम लावा, असं आपल्याकडे करून मिळत नाही. लढायचं असेल तर लढता येतं, मशीन तपासलेलं होतं का, पट्टी बरोबर आहे का. पण तारखा पडत राहतात, आणि तुमची पट्टी मला ठीकच दिसतेय. तेव्हा गुन्हा कबूल करायचा. पहिल्या वेळेला कायद्यात दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, दोन्हीही देता येतात. कमी होते ती शिक्षा. किती ते मॅजिस्ट्रेटच्या हातात. त्यांच्यापुढे आपण काय ठेवतो, त्यावर असतं."

"काय ठेवायचं?" मी विचारलं.

"पहिलीच वेळ. अपघात नाही, पोलिसांशी हुज्जत नाही, नोकरी चांगली. समुपदेशन केलं. आणि कारण." ते आईंकडे बघून हसले. "कारण तर तुमच्याकडे एक नंबर आहे. ऑपरेशनचे कागद आणलेत ना?"

त्यांनी इंग्रजीत अर्ज लिहिला आणि आईंना मराठीत समजावून सांगितला. आरोपी ही वृद्ध सासूची एकटीच देखभाल करते. त्या दिवशी सासूचा तातडीचा फोन आल्यामुळे ती जेवण अर्धवट सोडून निघाली. तिचा हेतू वाईट नव्हता.

"बरोबर आहे," आई म्हणाल्या. "अगदी असंच झालं."

वकीलकाकांनी पेन उचलून माझ्याकडे बघितलं. "यात काही कमीजास्त करायचंय?"

पंखा फिरत होता. आईंनी चष्मा काढून डोळ्याच्या कडेचं पाणी रुमालानं टिपलं.

"नाही," मी म्हटलं. आणि सही केली.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला, दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरवायला. आईंनी माझ्यासमोरच सांगितलं, आता नको, पुढे बघू. फोन ठेवून मला म्हणाल्या, "एका डोळ्यानं छान दिसतं गं. तुझ्यामागे आत्ताच इतकं आहे. पुन्हा ते थेंब, पुन्हा ती धावपळ." मी म्हटलं, असं करू नका. त्या म्हणाल्या, "मी सांगते ना." त्यांच्या डाव्या डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. चहाचा कप ठेवताना त्या आधी हातानं टेबल चाचपायच्या.

कोर्टाच्या दिवशी आई सोबत आल्या. नको म्हटलं तरी आल्या. दाराबाहेर आम्ही तीसेक जण रांगेत. एकेकाला आत एखादं मिनिट. माझ्या पुढे एक ऑटोवाला होता, चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. त्याच्याकडे वकील नव्हता, कागदही नव्हता. आकडा माझ्याहून जास्त होता, फार नाही. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तो म्हणाला, "हौ साब, पिया. दोस्त के घर दावत थी. पिया, और चलाया." कारण दिलं नाही. दंड झाला आणि दोन दिवसांची कैद. त्यानं मान हलवली, आणि खिशातून मोबाइल काढून शेजारच्या पोलिसाला विचारलं, घरी एक फोन करू का.

मग माझं नाव पुकारलं. वकीलकाका दोन वाक्यं बोलले आणि कागद पुढे दिले. मॅजिस्ट्रेटनी ऑपरेशनचा कागद उलटून बघितला. "सासूबाई आल्या आहेत?" दारापाशी आईंनी हात वर केला. मॅजिस्ट्रेटनी काळ्या चष्म्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फोन आल्यावर लगेच निघालात?"

प्रश्न विचारलाच. इतका सरळ, की मला वाटलं यांना माहीत आहे. मी मान हलवली. तोंडानं हो म्हटलंच नाही, असं मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगून पाहिलं.

दंड झाला. कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा झाली. लायसन्स तीन महिने जमा. बस. संध्याकाळपर्यंत मी मागच्या बाकावर बसले, शेजारी आई. त्यांनी डब्यात पोह्यांचा चिवडा आणला होता, तो देऊ का म्हणून दोनदा खुणेनं विचारलं. मला त्या ऑटोवाल्याचा इस्त्रीचा शर्ट दिसत होता.

घरी आल्यावर आई म्हणाल्या, "सुटलो बाई एकदाचे. थांब, देवापुढे साखर ठेवते." त्यांनी डबा काढला, वाटीत साखर घेतली.

"आई, ठेवू नका."

"का गं?"

मग मी सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर पुन्हा काहीतरी गाळलं असतं. तुमचा फोन आला तेव्हा मी निघाले नव्हते. त्यानंतर एक ग्लास घेतला. पाऊण तास बसले. मग निघाले. तुमचा काही संबंध नव्हता.

वाटीतली साखर आईंनी परत डब्यात ओतली, डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं की नाही हे बोटांनी बघितलं.

"दारू प्यायलीस, ते एक," त्या म्हणाल्या. आवाज हळू होता आणि मला तो हवा होता त्यापेक्षा खूप हळू होता. "माणसाचं होतं असं. मी पोस्टात काय काय बघितलंय. पण तीन आठवडे मी या घरात चोरासारखी राहिले. हाक मारायची नाही, फोन करायचा नाही. माझा मुलगा मला बोलला, ते मी ऐकून घेतलं. त्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभी राहिले. आणि तू माझ्या बाजूला बसून होतीस."

"हो."

"दुसरा डोळा नको म्हणाले, तेव्हाही बसून होतीस."

"हो, आई."

"त्याला फोन लाव. आत्ता. माझ्यासमोर."

लावला. स्पीकरवर ठेवला. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईला दे."

"कामात आहे म्हणावं," आई म्हणाल्या आणि खोलीत गेल्या.

वकीलकाकांनाही मी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, निकाल झालाय, आता त्यातून काही निघत नाही, तुम्ही शांत राहा. मग म्हणाले, "त्या दिवशी माझ्या टेबलाशी सांगितलं असतंत, तर मी तो अर्ज तसा लिहिला नसता. आणि दंड बहुधा तेवढाच झाला असता." हे ऐकून मला बरं वाटलं नाही.

चार दिवस आई माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. शुक्रवारी नवरा आला. मायलेकांचं खोलीत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. दार लावलेलं होतं. तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. माझ्याशी तो दोन दिवस जेमतेमच बोलला, आणि मीही समजूत घालायला गेले नाही. आईंनी मात्र स्वतः दवाखान्यात फोन करून तारीख घेतली. मुलाला म्हणाल्या, "तू सुट्टी काढून ये. मला कोणाचे उपकार नकोत." त्यानं काढली.

दुसऱ्या डोळ्याचे पहिल्या पाच दिवसांचे थेंब त्यानं घातले. सहाव्या दिवशी तो परत गेला. दोन वाजता मी ऑफिसच्या कॉलवर होते, आणि आतून हाक आली. मोठ्यानं, पूर्ण नावानं, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशी. मी कॉल तसाच टाकून धावले. मान मागे करून त्या बसल्या होत्या. "पाच मिनिटं झाली," त्या म्हणाल्या.

गाडी दंड भरल्यावर सुटली होती, पण लायसन्स परत मिळालं तरी ती मी फारशी काढत नाही. आईंना घेऊन तपासणीला मेट्रोनं जाते. मध्यंतरी आम्ही अशाच निघालो होतो, तर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. तेलुगू मिसळलेल्या हिंदीत त्यांनी सहज विचारलं, हल्ली तुमची गाडी जागेवरून हलतच नाही, बिघडली का?

मी तोंड उघडलं. काहीतरी बॅटरीचं सांगणार होते.

"पोलीस पकडे थे इसको," आई म्हणाल्या. "पी के चला रही थी."

त्या बाई आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. लिफ्ट खाली पोहोचली, दार उघडलं, आणि त्या "अच्छा अच्छा" करत आमच्या आधी बाहेर पडल्या. माझे कान तापले होते.

"काय खोटं सांगितलं का मी?" आईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग चल. मेट्रो चुकेल."